मत रुपयाला, माणसाला नाही

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की भोर तालुक्याच्या टोकाला, नीरा नदीच्या अलीकडच्या काठावर सारोळे लागते. पूल ओलांडला की सातारा जिल्हा आणि शिरवळचे कारखाने. या पट्ट्यात एकाच घराची चूल शेती आणि कारखाना अशा दोन्हींवर पेटते. एक भाऊ रानात असतो, दुसरा कारखान्यात पाळीवर. कोणाचा टेम्पो कंपनीच्या कामाला लावलेला असतो, कोणी सुटे भाग पुरवतो, कोणाची खानावळ कामगारांच्या डब्यांवर चालते. पगार होतो, बिल निघते, तोवर कंपनी म्हणजे नेमके काय याचा विचार कोणी करत नाही. कंपनी बुडाली म्हणजे मात्र या सर्वांना एकदम कळते की कायद्याच्या भाषेत आपण ‘धनको’ झालो आहोत. धनको म्हणजे ज्याचे कंपनीकडून पैसे येणे आहे तो. बँकही धनको आणि तीन महिन्यांचा पगार थकलेला कामगारही धनको. शब्द एकच आहे, पण दोघांची किंमत एक आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ या कायद्यात आहे. ते कष्टकऱ्यांनी समजून घेतले पाहिजे, कारण ज्या दिवशी त्याची गरज पडते त्या दिवशी समजून घ्यायला वेळ नसतो.

या कायद्याची रीत अशी. कंपनीने किमान एक कोटी रुपयांचे देणे थकवले की धनको राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. ही मर्यादा पूर्वी एक लाख होती, मार्च २०२० मध्ये ती एक कोटी झाली. महाराष्ट्रातील कंपन्यांचे काम मुंबईच्या खंडपीठापुढे चालते. अर्ज दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार गोठतात, कंपनीवरचे दावे व वसुली थांबते आणि न्यायाधिकरणाने नेमलेला एक व्यावसायिक कारभार हाती घेतो. त्याला रिझोल्यूशन प्रोफेशनल म्हणतात, आपण त्याला कारभारी म्हणू. तो सर्वांचे दावे मागवतो, तपासतो आणि धनकोंची समिती स्थापन करतो. कंपनी कोणाला द्यायची, किती पैशाला द्यायची, की अवसायनात काढून तिचा लिलाव करायचा, हे या समितीच्या सभेत ठरते. मोठ्या निर्णयांना ६६ टक्के मते लागतात, आणि शेवटी न्यायाधिकरणाने मान्यतेचा शिक्का मारावा लागतो.

आता त्या सभेत कोण बसते ते पाहा. समितीत बसतात वित्तीय धनको. म्हणजे बँका, वित्त कंपन्या, रोखेधारक. ज्यांनी माल दिला, सेवा दिली, घाम गाळला त्यांना कायदा ‘परिचालन धनको’ म्हणतो. कामगार याच वर्गात मोडतो. या वर्गाला सभेत मत नाही. नुसते बसून ऐकायचे झाले तरी सर्व परिचालन धनकोंचे मिळून येणे एकूण कर्जाच्या किमान १० टक्के असावे लागते. म्हणजे कंपनीवर एक हजार कोटींचे कर्ज असेल, तर पुरवठादार आणि कामगार यांचे मिळून शंभर कोटी थकलेले असतील तरच त्यांच्या एका प्रतिनिधीला सभेची सूचना मिळते. तोही बोलेल, पण मत देणार नाही. वित्तीय धनको कोणीच नसेल, किंवा असलेले सगळे मालकाच्याच गोतावळ्यातले असतील, तर मात्र समितीत कामगारांचा एक प्रतिनिधी घ्यावा, अशी नियमांत तरतूद आहे. पण बँकेचे कर्ज नसलेला कारखाना आज शोधून तरी सापडेल काय?

याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. ज्यांच्या हातून कंपनी बुडाली त्या निलंबित संचालकांना या सभेला हजर राहण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. मत नाही, पण खुर्ची आहे. ३१ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजयकुमार जैन प्रकरणात सांगितले की, या संचालकांना तोडग्याच्या आराखड्याची प्रतही दिली पाहिजे. कायद्याच्या तर्काने ते योग्यच आहे, कारण त्यांच्या हमीवर त्या आराखड्याचा परिणाम होत असतो. पण मग ज्याच्या मुलाची शाळेची फी आणि ज्याच्या घराचा हप्ता त्याच आराखड्यावर अवलंबून आहे, त्या कामगारावर परिणाम होत नाही काय? बुडवणाऱ्याला कागद मिळतो आणि बुडालेल्याला दरवाजाही उघडत नाही, हा न्याय कोणत्या तराजूत तोलायचा?

आणि आत मतदान कसे होते? डोकी मोजून होत नाही, रुपये मोजून होते. शंभर कोटींच्या कर्जात ज्या बँकेचे नव्वद कोटी आहेत तिला नव्वद टक्के मत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत इशारा दिला होता की, राजकारणात एक माणूस एक मत एक मूल्य हे तत्त्व आपण स्वीकारले, पण आर्थिक जीवनात ते नाकारत राहिलो तर या विसंगतीतून लोकशाहीच धोक्यात येईल. धनकोंची सभा ही त्या विसंगतीची अगदी लखलखीत प्रतिमा आहे. तिथे मत रुपयाला आहे, माणसाला नाही.

येथे कोणी म्हणेल, बँकेचा पैसा तरी कोणाचा असतो? तो आपल्याच ठेवींचा असतो. हे खरे आहे, आणि म्हणून बँकेला मत असू नये असे आमचे म्हणणे नाही. पण रुपयाला मत द्यायचे ठरले, तर त्या मतदानावर नजर ठेवणारा कोणीतरी रुपयाबाहेरचा असला पाहिजे. तो म्हणजे न्यायालय. म्हणून खरा प्रश्न हा आहे की, धनकोंच्या सभेवर न्यायालयाची नजर किती आणि कुठवर?

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने रेषा आखली आहे. ५ फेब्रुवारी २०१९ च्या के. शशिधर प्रकरणात आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला एस्सार स्टील प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, धनको समितीचे ‘व्यापारी शहाणपण’ हे तिचे क्षेत्र आहे. कोणाला किती द्यायचे यावर न्यायाधिकरणाने आपले मत लादू नये. एस्सार प्रकरणात अपील न्यायाधिकरणाने जुलै २०१९ मध्ये वित्तीय आणि परिचालन धनकोंना सारख्या प्रमाणात वाटा देण्याचा आदेश दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. न्यायाधिकरणाने पाहायचे ते इतकेच : कायद्याने ठरवलेले किमान देणे दिले आहे काय, कंपनी चालू ठेवण्याचा, तिच्या मालमत्तेचे जास्तीत जास्त मोल मिळवण्याचा आणि सर्व संबंधितांच्या हितांचा तोल राखण्याचा विचार समितीने केला आहे काय. केला नसेल तर आराखडा समितीकडे परत पाठवायचा. यात ‘सर्व संबंधितांचा तोल’ हे शब्द आपल्या कामाचे आहेत. दरवाजा बंद आहे, पण त्याला एक फट आहे.

ती फट किती अरुंद आहे हे महाराष्ट्राने व्हिडिओकॉनच्या प्रकरणात पाहिले. धूत कुटुंबाची ही कंपनी म्हणजे मराठवाड्यातील उद्योगाची मोठी ओळख होती, पैठण तालुक्यातील चितेगावला तिचा कारखाना. स्टेट बँकेच्या अर्जावरून जून २०१८ मध्ये प्रक्रिया सुरू झाली आणि समूहातील तेरा कंपन्यांचा एकत्र विचार करण्याचे ठरले. मान्य झालेले दावे सुमारे ६४,८३८ कोटी रुपयांचे. अनिल अगरवाल यांच्या समूहातील ट्विन स्टार कंपनीने देऊ केले २,९६२ कोटी. म्हणजे शंभराला पाच रुपयेही नाहीत. परिचालन धनकोंच्या वाट्याला तर एक टक्कासुद्धा आला नाही, ०.७२ टक्के आला. तरीही समितीने ९५ टक्क्यांहून अधिक मतांनी हा आराखडा मंजूर केला.

८ जून २०२१ रोजी मुंबई खंडपीठाने त्याला मान्यता दिली, पण आदेशात आपले आश्चर्य लपवले नाही. बोली देणारा जवळजवळ काहीच देत नाही, असे न्यायाधिकरणाने लिहिले. अवसायनातील किंमत गुप्त ठेवायची असताना बोली नेमकी त्या किमतीच्या इतकी जवळ कशी, असाही प्रश्न विचारला. छोट्या पुरवठादारांना थोडे वाढवून द्या, अशी सूचना आणि विनंती केली. विनंती! न्यायासनावर बसलेल्याने लहान माणसाच्या पैशासाठी विनंती करावी, कारण आदेश देण्याचा अधिकार रुपयाच्या मताने काढून घेतला आहे.

पुढे हा आराखडा टिकला नाही. पण तो कोणामुळे टिकला नाही, हे लक्षात घ्या. पुण्यात मुख्यालय असलेली बँक ऑफ महाराष्ट्र ही समितीत विरोधी मत देणाऱ्यांपैकी एक होती. ती अपिलात गेली. १९ जुलै २०२१ रोजी अपील न्यायाधिकरणाने स्थगिती दिली आणि ५ जानेवारी २०२२ रोजी मान्यता रद्द करून प्रकरण समितीकडे परत पाठवले. विरोधी मत देणाऱ्या बँकांना रोखीऐवजी रोखे आणि समभाग देऊ केले होते, हा त्यातला एक कळीचा मुद्दा होता. म्हणजे न्यायालयाची नजर पोचली, पण सभेत बसलेल्या आणि वकील उभा करू शकणाऱ्या बँकेचे बोट धरून पोचली. ०.७२ टक्केवाल्याने तिला बोलावले असते तर ती आली असती काय?

कामगारांच्या बाजूने नजर पोचल्याचेही उदाहरण आहे, ते सांगितले नाही तर चित्र अर्धे राहील. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली. जून २०२१ मध्ये जालान-कॅलरॉक गटाचा आराखडा मंजूर झाला. कर्मचारी संघटना अपिलात गेल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने सांगितले की, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी ही धनकोंमध्ये वाटण्याची मालमत्ताच नाही, ती पूर्ण दिली पाहिजे. ३० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. हा संघटित कामगाराचा विजय होता. परंतु कंपनी घेणाऱ्याने ठरलेले पैसे भरलेच नाहीत, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला राज्यघटनेच्या १४२व्या कलमाखालील अधिकार वापरून ती अवसायनात काढावी लागली. आराखड्यावर शिक्का मारून न्यायालयाने पाठ फिरवली की काय होते, याचा हा धडा आहे. नजर सभेवर हवी तशी सभेनंतरच्या अंमलबजावणीवरही हवी.

डोकी मोजण्याची रीत आपल्या कायद्याला परकी नाही, हेही सांगितले पाहिजे. १९५६ च्या कंपनी कायद्यातील ३९१व्या कलमाखाली उच्च न्यायालय धनकोंची सभा बोलवत असे, सभेचा अध्यक्ष नेमत असे आणि तडजोड मंजूर व्हायला हजर धनकोंची संख्येने बहुमत आणि रकमेने तीन चतुर्थांश अशी दुहेरी कसोटी होती. २०१३ च्या कायद्यातील २३०व्या कलमातही ती आहे. म्हणजे मोठा रुपया एकटा जिंकू शकत नाही, त्याला छोट्या माणसांची डोकीही सोबत घ्यावी लागतात. १९८२ मध्ये नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियनच्या प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की, कंपनी गुंडाळण्याच्या अर्जावर कामगाराला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, कारण कंपनी म्हणजे केवळ भागधारकांची मालमत्ता नव्हे. मग २०१६ मध्ये सभेच्या दारातून डोकी बाहेर का काढली?

उत्तर आहे घाईचे, आणि ती घाई अगदीच निराधार नव्हती. १९८५ च्या कायद्याने आजारी उद्योगांसाठी जे मंडळ आले, ज्याला सगळे बीआयएफआर म्हणत, त्याच्याकडे वर्षानुवर्षे प्रकरणे कुजत पडली. मालक खुर्चीवर, यंत्रे गंजलेली, कामगार म्हातारा झालेला. मुंबईच्या गिरणगावाला हे सांगायला नको. तेव्हा नुसती न्यायालयीन देखरेख म्हणजे न्याय नव्हे. उशीर हासुद्धा गरिबावरच पडणारा दंड असतो. पण विलंबाचे औषध म्हणून कामगाराचे तोंड बंद करणे हा कोठला उपाय? विलंब कामगाराच्या बोलण्यामुळे होत नव्हता.

बाहेरच्या जगात पाहिले तर वेगाबरोबर माणसाचे डोके मोजणे शक्य आहे, हे दिसते. ऑस्ट्रेलियात कंपनी प्रशासकाच्या हाती गेली की धनकोंच्या सभेत कर्मचारीही मत देतो. मोजदाद मागितली तर ठराव संख्येने आणि रकमेने अशा दोन्ही अंगांनी मंजूर व्हावा लागतो. दोन्हींचा कौल वेगळा पडला तर अध्यक्ष निर्णायक मत देऊ शकतो, आणि त्या मताला न्यायालयात आव्हान देता येते. इंग्लंडने ६ एप्रिल २०१७ पासून प्रत्यक्ष सभेची सक्ती काढली, पण रकमेने दहा टक्के, संख्येने दहा टक्के किंवा नुसते दहा धनको यांनी मागणी केली तरी प्रत्यक्ष सभा घ्यावी लागते. दहा माणसे! तिथे दहा खानावळवाल्यांनी हात वर केला तर सभा होते. आपल्याकडे दहा हजार कामगारांनी हात वर केला तरी त्यांचे येणे दहा टक्के भरते का, हे आधी मोजले जाते.

पुणे जिल्ह्याला डी. एस. कुलकर्णी डेव्हलपर्सचे प्रकरण विसरता येणार नाही. निवृत्तीचे पैसे ठेव म्हणून ठेवलेले हजारो लोक त्यात होते. ठेवीदार आणि घर घेणारे यांना कायदा वित्तीय धनको मानतो, घर घेणाऱ्यांना २०१८ च्या दुरुस्तीने हा दर्जा स्पष्टपणे मिळाला. असा वर्ग मोठा असेल तर त्याच्या वतीने एक अधिकृत प्रतिनिधी सभेत बसतो आणि वर्गाच्या बहुमताप्रमाणे मत देतो. म्हणजे हजारो लहान माणसांना एका प्रतिनिधीमार्फत सभेत बसवता येते, हे कायद्याने स्वतःच दाखवून दिले आहे. जे ठेवीदाराला जमले ते कामगाराला का जमू नये?

भोर-वेल्ह्याच्या वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा सगळा कायदा कंपन्यांना लागू आहे, सहकारी संस्थांना नाही. खासगी साखर कारखाना बुडाला तर तो या न्यायाधिकरणापुढे जाईल. राजगडसारखा सहकारी कारखाना मात्र १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कक्षेत राहतो, तिथे अवसायक निबंधक नेमतो आणि धनकोंची अशी समिती नसते. उसाच्या थकबाकीसाठी १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा आधार घ्यावा लागतो. चौदा दिवसांत पैसे, नाही तर १५ टक्के व्याज, आणि साखर आयुक्तांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. घर एकच असले तरी रानातल्या भावाचा कायदा वेगळा आणि कारखान्यातल्या भावाचा वेगळा.

मग कष्टकऱ्याने करायचे काय? पहिले काम दावा दाखल करण्याचे. कारभारी जाहीर सूचना काढतो ती कंपनीचे कार्यालय जिथे असेल तिथल्या एका इंग्रजी व एका प्रादेशिक वृत्तपत्रात. कार्यालय मुंबईत आणि कारखाना नीरेकाठी असेल तर ती सूचना आपल्या डोळ्यांपुढे येईलच असे नाही. सूचनेत साधारण चौदा दिवसांची मुदत असते, उशिराचे दावे काही काळ स्वीकारले जातात, पण त्यावर विसंबू नये. कामगाराने स्वतःसाठी नमुना ‘ड’ म्हणजे फॉर्म डी भरावा. संघटनेने किंवा प्रतिनिधीने सर्वांच्या वतीने फॉर्म ई भरता येतो. पुरवठादार आणि टेम्पोवाल्यांसाठी फॉर्म बी. हे टाळले तर काय होते? १३ एप्रिल २०२१ रोजी घनश्याम मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आराखडा मंजूर झाला की त्यात नसलेला दावा संपतो. कायमचा संपतो. म्हणून पगाराच्या पावत्या, हजेरीची नोंद, भविष्य निधीचा क्रमांक, सही-शिक्क्याची बिले जपून ठेवा. कंत्राटी कामगारांनी तर अधिकच, कारण त्यांचे येणे कागदावर ठेकेदाराकडे दिसते आणि कंपनीच्या यादीत त्यांचे नावही नसते.

दुसरे काम संघटनेचे. ३० एप्रिल २०१९ च्या जे. के. ज्यूट मिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, कामगार संघटना सर्वांची थकबाकी एकत्र करून परिचालन धनको म्हणून अर्ज करू शकते. एकट्याची एक कोटीची थकबाकी होणे शक्य नाही, पाचशे जणांची होते. कंपनी अवसायनात गेलीच तर शेवटच्या २४ महिन्यांच्या थकलेल्या पगाराला कामगार आणि तारणधारक बँक एका पायरीवर उभे असतात. हा हक्क कागदावर आहे, पण तो मागणारा हवा.

तिसरे काम मागणीचे, आणि ते आपल्या सर्वांचे. १० टक्क्यांची अट काढून कामगारांच्या प्रतिनिधीला प्रत्येक सभेत बसू द्या. निलंबित संचालकाला मिळणारा कागद त्यालाही द्या. जाहीर सूचना कारखान्याच्या फाटकावर आणि आसपासच्या ग्रामपंचायतींत मराठीत लावा. लहान माणसाला शंभराला एक रुपयाही न देणारा आराखडा आला, तर समितीने त्याची कारणे लिहून द्यावीत आणि न्यायाधिकरणाने ती विनंती न करता तपासावीत. यातल्या एकाही गोष्टीने प्रक्रिया महिनाभरही लांबणार नाही. संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीनेही ऑगस्ट २०२१ मध्ये धनको समितीसाठी आचारसंहिता हवी असे म्हटले, आणि नादारी मंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये समित्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे बँकांच्या सभेला शिस्त हवी हे सरकारी कागदांनीही मानले आहे. आता त्या सभेत माणूस हवा, एवढेच मानायचे राहिले आहे.

कंपनी बुडते तेव्हा बँक आपल्या वहीत तोटा लिहिते आणि पुढच्या कर्जाकडे वळते. कामगाराकडे वही नसते, त्याच्याकडे घर असते. ज्याचे सर्वस्व पणाला लागले आहे त्याला सभेबाहेर ठेवून झालेला ठराव कायदेशीर असेल, पण तो न्याय्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. न्यायालयाने नजर ठेवावी हे खरेच. पण न्यायालयाची नजर तिकडेच वळते जिकडून हाक येते, आणि ती हाक एकट्याने मारून ऐकू जात नाही. ती संघटित होऊनच मारावी लागेल.